खाचरात सोयाबीन: मुळावरची गाठ आणि पाण्याची पाळी

भात कापून झालं, मळणी झाली, खाचर मोकळं पडलं. विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी टिकतं. मग घाटावर एवढं पिकतं ते सोयाबीन आपण इथे कोकणात का लावू नये? गावी परतून नव्यानं शेतीला लागलेले बरेच जण मला हेच विचारतात. जरूर लावा, पण पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांतच. लातूर-वाशीमच्या काळ्या जमिनीतली पद्धत जशीच्या तशी आपल्या तांबड्या मातीत चालत नाही. तिथल्या मातीत बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं सोयाबीन होत आलंय, त्यामुळे त्याचे जिवाणू तिथे वस्तीला आहेत. आपल्या खाचरात ते नाहीत. शिवाय तिथली माती पाणी धरून ठेवते. आपली माती पावसाळ्यात तुंबते आणि फेब्रुवारीत चार दिवसांत कोरडी पडते. कोकणात हे पीक साधतं की फसतं ते या दोन गोष्टींवर ठरतं, म्हणून या लेखात मुख्यतः त्यांच्याचबद्दल लिहितोय.

गाठ म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र (नायट्रोजन) आहे, पण झाडाला ते थेट घेता येत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवर ज्या गाठी येतात, त्यांत राहणारे जिवाणू हे हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. हे काम गाठींतून होतं, असं जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८०च्या दशकात दाखवून दिलं. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवले. जिवाणू नत्र देतात आणि झाड त्यांना साखर देतं. हा सौदा दोघांनाही परवडतो, पण जिवाणूंचं काम खर्चिक आहे. त्यासाठी भरपूर साखर जळते, आणि साखर जळायला प्राणवायू लागतो. म्हणजे गाठीला श्वास घ्यावा लागतो. पुढे पाण्याबद्दल जे सांगणार आहे त्याचं मूळ इथे आहे.

सोयाबीनला नत्राची भूक मोठी. एक क्विंटल दाणे तयार व्हायला झाडाला सुमारे आठ किलो नत्र लागतं. गाठी नीट चालल्या तर त्यातलं निम्मं किंवा थोडं जास्तच हवेतून येतं, बाकीचं मातीतून. आपल्या जांभ्याच्या मातीतून पावसाळ्यात बरंचसं नत्र धुऊन जातं. त्यामुळे गाठी चालल्या नाहीत तर ती तूट भरून निघत नाही.

आता महत्त्वाचं. प्रत्येक जिवाणू प्रत्येक पिकाशी जुळत नाही. चवळी, कुळीथ, भुईमूग यांना जुळणारे जिवाणू आपल्या मातीत पूर्वीपासून आहेत, म्हणून आजी काहीही न लावता चवळी पेरायची आणि गाठी यायच्या. सोयाबीनला लागतो ब्रेडीरायझोबियम जपोनिकम नावाचा जिवाणू. जिथे सोयाबीन कधी झालंच नाही तिथे तो सहसा नसतो. त्यामुळे कोकणात सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणू लावणं ही ऐच्छिक गोष्ट नाही. हरभऱ्याचं किंवा मुगाचं पाकीट आणून लावलंत तर उपयोग शून्य. पाकिटावर ‘सोयाबीन’ असं पिकाचं नाव असलंच पाहिजे.

जागा आणि वेळ

पावसाळ्यात सोयाबीन घ्यायचं मनात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: खाचरात अजिबात नको. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात ते कुजेल, आणि उभं राहिलंच तर काढणीला परतीचा पाऊस गाठेल. उताराची, पाणी न थांबणारी वरकस जमीन असेल तर गादीवाफ्यावर करून बघता येईल. तरी नवख्या माणसानं तिथून सुरुवात करू नये.

आपल्यासाठी हंगाम उन्हाळी. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरणी, एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात काढणी. उशीर केलात तर वळवाच्या सरी शेंगांवर येतात. फार लवकर, म्हणजे भात कापल्या कापल्या नोव्हेंबरात पेरलंत तर वेगळीच अडचण येते. सोयाबीन हे लहान दिवसाचं पीक आहे. दिवस लहान असताना ते घाईनं फुलावर येतं, झाड वीतभरच राहतं आणि शेंगा मोजक्या लागतात. जानेवारीअखेरच्या पेरणीतही झाड घाटावरच्या खरिपासारखं कंबरेला लागणार नाही, हे मनात धरा. म्हणून ओळी जवळ घ्यायच्या.

वाण ९५ ते १०५ दिवसांत येणारे घ्या. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस-३३५ जुना आणि बहुतेकांच्या माहितीतला आहे. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या केंद्रातून आलेले फुले संगम, फुले किमया हेही बरेच शेतकरी लावतात. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आपल्या तालुक्यात कोणता वाण कसा आला ते विचारा. कागदावरच्या शिफारशीपेक्षा अशा चौकशीतून जास्त कळतं.

बियाण्याआधी पाणी मोजा

इथे नवखे लोक चुकतात. ‘विहिरीला पाणी आहे’ हे मोजमाप नव्हे.

हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १०० लिटर. सोयाबीनला पूर्ण हंगामात ४५० ते ५०० मिलिमीटर पाणी धरा. म्हणजे गुंठ्याला ४५ ते ५० हजार लिटर, आणि पाटातून वाटेत जिरणारं वेगळं. मार्चमध्ये झाडानं जमीन झाकली की रोजचे चार-पाच मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला दिवसाला चारशे-पाचशे लिटर खर्च होतात.

पंपाचा अंदाज घ्यायला दोनशे लिटरचं पिंप पाइपखाली ठेवा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत भरलं तर तासाला सहा हजार लिटर. ४० मिलिमीटरची एक पाळी द्यायची तर गुंठ्याला चार हजार लिटर, म्हणजे चाळीस मिनिटं पंप. पाच गुंठे असतील तर सव्वातीन तासांच्या वर. आता आजूबाजूला विचारा, तुमच्या विहिरीचा उपसा एप्रिलमध्ये किती वेळ टिकतो? अर्ध्या तासात तळ दिसत असेल तर सोयाबीनचा नाद सोडा आणि चवळी किंवा वाल घ्या. यात कमीपणा काही नाही. वाल तर भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवरच येतो, आणि रायगडात त्या शेंगांची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांची मेजवानी, लागते. सोयाबीनची लागत नाही.

वहाळावर डिसेंबरात गावानं मिळून वनराई बंधारा, म्हणजे मातीनं भरलेल्या पोत्यांचा बांध, घातला असेल तर विहिरीची पातळी जास्त दिवस टिकते. तुमच्या वाडीत तसा घालत असतील तर पोती भरायला स्वतः जा.

माती तयार करणं

भातासाठी चिखलणी केलेल्या खाचरात वरची वीतभर माती भुसभुशीत दिसली तरी खाली एक घट्ट थर असतो. सोयाबीनचं सोटमूळ तिथे अडतं आणि पाणीही तिथेच तुंबतं. म्हणून एक खोल नांगरट हवी. लहान जागेत कुदळीनं खणा. ढेकळं फुटेपर्यंत माती वाळू द्या, मग पाणी देऊन वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असताना, पुन्हा फोडा.

आपली माती आम्ल असते, बऱ्याच ठिकाणी सामू (पीएच) साडेपाच-सहाच्या आसपास. आम्लतेत जिवाणू नीट वाढत नाहीत आणि मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य मुळाला कमी मिळतं. नत्र पकडणारं जे विकर (एन्झाइम) गाठीत असतं त्याला लोह आणि मॉलिब्डेनम दोन्ही लागतात. लोह आपल्याकडे हवं तेवढं आहे, अडतं ते मॉलिब्डेनमवर. मातीपरीक्षण करून घ्या. सामू कमी असेल तर शेतीसाठीची चुनखडीची पूड पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा. हेक्टरी एक टन म्हणजे गुंठ्याला दहा किलो, एवढ्यापासून सुरुवात ठीक. भिंतीला लावायचा कळीचा चुना नको, तो मुळं जाळतो.

स्फुरदाचीही (फॉस्फरसचीही) तीच कथा. जांभ्याच्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून बसतात, आणि गाठींना तर स्फुरद लागतंच. गुंठ्याला पावणेचार किलो सिंगल सुपर फॉस्फेट ओळीत बियाण्याच्या खाली-बाजूला द्या, विस्कटून नको. म्हणजे ते मातीच्या कमी भागाला लागतं आणि मुळाच्या वाट्याला येतं. चुना आणि सुपर फॉस्फेट एकत्र कालवू नका. सोबत अर्धा किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि ५० किलो चांगलं कुजलेलं शेणखत.

युरिया? गाठी कामाला लागेपर्यंतच्या तीन आठवड्यांपुरता थोडा, गुंठ्याला फार तर अर्धा किलो, तोही पेरणीच्या वेळीच. झाडाला मातीत आयतं नत्र मिळालं की ते गाठींवर साखर खर्च करत नाही. युरिया मारलेलं सोयाबीन हिरवंगार, पानाळ दिसतं आणि मुळाशी गाठी नसतात. शेजारी कौतुक करतात, पण दाणे भरायच्या वेळी ते मागे पडतं.

बियाण्याला जिवाणू लावणं

गुंठ्याला ७०० ते ७५० ग्रॅम बियाणं लागतं. आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सत्तरच्या खाली आली तर बियाणं बदला. सोयाबीनचं साल पातळ असतं, आपल्या दमट हवेत बियाणं लवकर खराब होतं, म्हणून गेल्या वर्षीचं घरात राहिलेलं वापरू नका.

जिवाणू खताचं पाकीट म्हणजे कोळशाच्या किंवा तशाच भुकटीत वाढवलेले जिवंत जिवाणू. ‘जिवंत’ हा शब्द लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी मी पाकीट आणलं आणि मोटारसायकलच्या डिकीत दोन दुपारी तसंच राहू दिलं. पेरणी नीट झाली, उगवण उत्तम झाली, पण तिसाव्या दिवशी झाडं उपटून बघितली तर मुळं केसासारखी स्वच्छ. एक गाठ नाही. उन्हात तापलेल्या डिकीत जिवाणू मेले होते आणि मी काळी भुकटी बियाण्याला चोळली होती. तेव्हापासून पाकीट घेताना उत्पादनाची आणि मुदतीची तारीख वाचतो, दुकानात ते उन्हात मांडलेलं असेल तर घेत नाही, आणि घरी माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवतो.

लावायची पद्धत अशी. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, एक दिवस अगोदर. जिवाणू नेहमी शेवटी. बुरशीनाशक लावलं असेल तर जिवाणूंचं प्रमाण दुप्पट करा. पेरणीच्या सकाळी थोड्या पाण्यात गूळ विरघळवा आणि ते पाणी गार होऊ द्या. साधारण दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट लागतं, त्या हिशेबानं एका गुंठ्याला दोन मोठे चमचे भुकटी पुरते. भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्यावर शिंपडा आणि हलक्या हातानं परता, दाण्याचं साल निघता कामा नये. प्रत्येक दाणा काळपट दिसला पाहिजे. सावलीत गोणपाटावर पसरून ठेवा, हाताला चिकटायचं थांबलं की पेरा. त्याच दिवशी, शक्यतो दुपार कलल्यावर. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट असेल तर तेही याच वेळी लावता येतं.

दोन ओळींत तीस सेंटिमीटर, दोन दाण्यांत चार बोटं अंतर, खोली तीन-चार सेंटिमीटर. जमीन वाफशावर असावी. पेरून वर पाणी सोडलंत तर वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि कोंब मान मोडून आतच राहतो.

एक विनंती आहे. कडेच्या दोन ओळी जिवाणू न लावता पेरा, आणि त्या सगळ्यात आधी पेरा, म्हणजे हाताला लागलेली भुकटी तिकडे जाणार नाही. महिन्याभरानं त्या दोन ओळी आणि बाकीचं शेत यांच्यातला फरक तुम्हाला स्वतःला दिसेल.

पाण्याची पाळी

भाताच्या मुळात हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ते पाण्यात उभं राहून जगतं. सोयाबीनच्या मुळात तशी सोय नाही. खाचराची सवय असलेला माणूस बांध घालून पाणी भरतो, आणि भाताला जे मानवतं तेच इथे घात करतं. मातीतली पोकळी पाण्यानं भरली की हवा निघून जाते, गाठीला प्राणवायू मिळत नाही, दोन-तीन दिवसांत नत्राचं काम मंदावतं आणि जास्त दिवस तसंच राहिलं तर गाठी कुजतात. पानं पिवळी पडलेली बघून माणूस समजतो की पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी सोडतो.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. पाण्याचा ताण पडला की झाडाच्या इतर कामांआधी गाठीचं काम थांबतं. सोयाबीनच्या गाठीत तयार झालेलं नत्र पाण्यात विरघळून वर पानांकडे जातं. पाण्याचा ओघ आटला की ते तुंबतं, आणि गाठीत हवाही कमी शिरू लागते. पान अजून ताठ असतं, पण गाठ बसलेली असते. म्हणजे पान सुकलं की पाणी देऊ, असं ठरवलंत तर तुम्ही नेहमीच उशिरा पोचाल.

म्हणून पानाकडे नको, मातीकडे बघा. वीतभर खोलीची मूठभर माती काढा. मूठ आवळली की लाडू होतो आणि बोटानं दाबल्यावर फुटतो, तोवर थांबा. लाडूच होत नसेल तर त्याच दिवशी पाणी द्या. दाबल्यावर बोटं चिखलानं माखत असतील तर पाळी चुकवा आणि चर मोकळे आहेत ना ते बघा.

ढोबळ वेळापत्रक असं: उगवणीनंतर पहिलं हलकं पाणी आठ-दहा दिवसांनी, फेब्रुवारीत तेवढ्याच अंतरानं, मार्च-एप्रिलमध्ये पाच-सहा दिवसांनी. कातळावरच्या उथळ मातीत अंतर आणखी कमी करा आणि प्रत्येक पाळीचं पाणीही कमी करा. वाफे सपाट न ठेवता सरी-वरंबा किंवा गादीवाफा करा, पाणी सरीतून जाऊ द्या, झाड वरंब्यावर राहू द्या. खालच्या बांधाला एक तोंड उघडं ठेवा. ठिबक असेल तर उत्तमच. ओळींमध्ये भाताचा पेंढा पसरला तर एखादी पाळी वाचते आणि माती तापत नाही.

पाणी तोकडं पडणारच असेल तर कुठे वाचवायचं? फुलोऱ्यापूर्वीच्या दिवसांत थोडा ताण झाड सोसतं. फुलं लागण्यापासून शेंगेत दाणा भरेपर्यंत मात्र एकही पाळी चुकवू नका. त्या काळात गाठी सर्वात जोरात चालतात आणि दाण्याला नत्राची ओढही तेव्हाच सर्वात जास्त असते. पाणी चुकलं की फुलं गळतात आणि शेंगेत तीनऐवजी एकच दाणा भरतो.

गाठ कापून बघा

पेरणीनंतर पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी वेगवेगळ्या जागची पाच-सहा झाडं काढा. ओढून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. कुदळीनं बाजूनं खणून मातीच्या गड्ड्यासकट उचला, बादलीभर पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग हलक्या हातानं खळबळा. माती खाली बसते आणि मुळं पांढरी होऊन वर येतात. जिवाणू लागले असतील तर सोटमुळाच्या वरच्या भागात, देठाच्या लगेच खाली, मोहरीपासून मटारच्या लहान दाण्याएवढ्या गाठी घोसानं दिसतात. गाठ नखानं अर्धी करा. आत गाजराच्या उभ्या कापासारखा किंवा त्याहून लालसर रंग दिसला तर ती चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच हा नातेवाईक, तो गाठीत प्राणवायू बेतानं पोचवतो. पहिल्यांदा बोटाला तो गुलाबी ओलावा लागला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना शेतावर बोलावून दाखवला होता.

आत पांढरी असेल तर गाठ अजून कोवळी आहे किंवा निकामी जिवाणूंची आहे. आठवड्यानं पुन्हा बघा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलंय. शेंगा पिकताना असं होणं ठीक, पण फुलोऱ्याआधी दिसलं तर पाणी तुंबलं किंवा ताण पडला असं समजा. फुलोऱ्याच्या सुमारास झाडामागे दहा-पंधरा ठसठशीत, आतून लाल गाठी म्हणजे पीक बरं चाललंय.

सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक जंतांच्या, गाठींशी गल्लत करू नका. जिवाणूची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, चोळली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते सुटत नाही.

तिसाव्या दिवशी गाठीच नसतील तर मग युरिया द्यावाच लागेल, गुंठ्याला अर्धा किलो, पंधरा दिवसांनी तेवढाच पुन्हा. पीक वाचेल, फायदा फारसा राहणार नाही.

राखण आणि काढणी

पहिले चाळीस दिवस तण काढत राहा. उन्हाळ्यात पांढरी माशी येते आणि तिच्यामुळे पिवळा मोझॅक पसरतो. पानावर पिवळेधमक, हिरव्यात मिसळलेले चट्टे आलेलं झाड लगेच उपटून पुरा. नत्र कमी पडल्याचा पिवळेपणा वेगळा: तो खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो आणि पूर्ण पानावर सारखा असतो.

पानं गळून शेंगा तपकिरी झाल्या की सकाळच्या दवात विळ्यानं बुडापासून कापा. उपटू नका, मुळं जमिनीत राहू द्या. सोयाबीन घेतल्यावर जमिनीत नत्राचा साठा होतो असं सर्रास सांगितलं जातं, पण ते पूर्ण खरं नाही. हवेतून आलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्याबरोबर पोत्यात जातो. मुळं, गळलेली पानं आणि मळणीचा भुसा शेतात परत गेला तरच पुढच्या भाताला काही मिळतं. गुरांना भुसा घातलात तर त्यांचं शेण त्याच खाचरात आणा.

जूनमध्ये तिथे पुन्हा चिखलणी होईल, चार महिने पाणी उभं राहील, आणि आपल्या आम्ल मातीत सोयाबीनचे जिवाणू कितपत टिकतील याचा भरवसा धरू नका. पुढच्या जानेवारीतही नवं पाकीट आणा, आणि कडेच्या दोन ओळी तशाच सोडा. यंदा त्यांच्यात गाठी आल्या का ते बघा.